दिवेलागणीच्या आत

अमरावती ते अकोला हे अंतर मी पहिल्यांदा मोजले ते दोऱ्याने.

लढाईचे दिवस होते. एकदा गणिताचा तास चालू असताना कॉलेजवरून एक विमान गेले. सगळा वर्ग खिडक्यांकडे धावला. आमचे प्राध्यापक रागावले नाहीत. विमान दिसेनासे होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "त्याला इथून अकोल्याला जायला वीस मिनिटे पुरतात. तुम्हाला वसतिगृहातून माझ्या तासाला यायला अर्धा तास लागतो." वर्ग हसला. मीही हसलो, पण माझ्या डोक्यात वीस मिनिटे राहिली.

संध्याकाळी मी वाचनालयात गेलो. तिथे भिंतीवर वऱ्हाडाचा मोठा नकाशा होता. सदऱ्याच्या उसवलेल्या शिवणीतला दोरा ओढून काढला, एक टोक अमरावतीच्या टिंबावर अंगठ्याने दाबले, दुसरे अकोल्यापर्यंत ताणले आणि खालच्या मैलांच्या पट्टीवर ठेवून पाहिले. पन्नास मैल, किंवा किंचित जास्त. मी तीन वेळा मोजले. एवढ्या साध्या गोष्टीचा मला इतका आनंद का झाला, ते सांगितले पाहिजे.

आमचे गाव अकोल्याहून बाळापूरच्या रस्त्याने तीन कोसांवर. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आषाढात बाबांनी मला आमच्या बैलगाडीतून अमरावतीला आणून सोडले होते. पहिला मुक्काम बोरगावला, दुसरा मुर्तिजापूरच्या पुढे, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वसतिगृहाच्या फाटकात उतरलो. त्यामुळे बाबांच्या हिशेबी अमरावती मैलांवर नव्हती, दोन मुक्कामांवर होती. हे दोन मुक्काम माझ्या शिक्षणाच्या आड येणार, अशी मला भीती वाटू लागली होती.

माझ्या मायला दमा होता. नवरात्रात तिला मोठी उबळ आली. तीन दिवस तिला धड आडवे होता आले नाही. बाबा एकटे. गावच्या मास्तरांनी घातलेले कार्ड मला मिळाले तोवर आठवडा उलटून गेला होता आणि माय उठून कामाला लागली होती. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांनी ओसरीवर बसून विषय काढला.

"आता बस झालं तुहं कालेज," ते म्हणाले. "तिचा जीव वर-खाली होऊन राहिला होता, अन् अथी मी एकटा. तुले बोलवाव, त तू दोन मुक्काम दूर."

मी बाबांपुढे फारसे बोलत नसे. तरी दोऱ्याने बळ दिले. "बाबा, आता दोन मुक्काम नाही लागत. पन्नास मैल आहे. मी मोजलं."

"काहानं मोजलं?"

"दोऱ्यानं. नकाशावर."

"मंग दोऱ्यावर चालून येशीन काय?"

मी विमानाची गोष्ट सांगितली. वीस मिनिटे म्हणताच चुलीजवळून मायचा आवाज आला, "इमानात बसू नको रे बाप्पा! वरून पडला त कोन्या वावरात सापडशीन?"

"मी विमानात नाही बसत, माय. मोटारनं येईन. चार तास लागतात. पाच धरा."

बाबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली नाही. बैल घ्यायचा असला की ते असेच हातात काहीतरी धरून गप्प बसत. आमच्याकडे बाजारात बैल घेताना त्याची चाचणी होते. भरलेल्या गाडीची चाके दोराने बांधतात, म्हणजे ती फिरत नाहीत, नुसती घासत येतात. ती गाडी बैलाला काळ्या मातीतून ओढायला लावतात. बैल हळू ओढतो की जलद, याला बाबा फार किंमत देत नसत. बैल मध्येच खाली बसतो का, एवढेच ते पाहत. बसला की ते पागोटे उचलून चालू लागत.

"असं करू," ते शेवटी म्हणाले. "मी तुले तार करीन. कवा करीन ते सांगनार नाही. तार भेटल्यापासून दिवेलागणीच्या आत या उंबऱ्यात आला, त शीक. नाही आला, त पेटी घेऊन वापस ये. वखर तुही वाटच पाहून राहिला."

"पण तार खरी आहे की चाचणीची, हे मला कसं समजणार?"

"नाही समजनार. बैलाले सांगून जुपते का कोनी?"

मी हो म्हटले. आवाज बारीक निघाला, पण म्हटले.

अमरावतीला परत आल्यावर मी तयारीला लागलो. जायला दोन वाटा होत्या. आगगाडीने जायचे तर आधी बडनेऱ्याला जायचे, तिथे उतरून मोठ्या लायनीच्या गाडीची वाट पाहायची. दिवाळीला घरी जाताना मला बडनेऱ्याला चार तास बसावे लागले होते, कारण फौजेच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. मोटारीचा रस्ता मात्र नकाशावर लाल रेघेने अकोल्यापर्यंत थेट दिसत होता. कुठे उतरायचे नाही, कुठे थांबायचे नाही. दोऱ्याने पन्नास, रस्त्याने साठ मैल. मी ताशी पंधरा मैल धरले आणि मोटार पक्की केली. आता वाटते, ज्या माणसाने नकाशा आधी पाहिला आणि रस्ता नंतर, त्याच्याच हातून असे होते.

माझ्या खोलीतला सोबती शेंदूरजना घाटचा होता. घरी संत्र्याचा बगीचा. तो माझ्या कागदावरचे आकडे पाहून म्हणायचा, "अबे, तुह्या बाबाले सांग, इमान घेऊन द्या म्हना. वीस मिनिटांत येतो अन् परत येऊन जेवतो बी." पण त्यानेच माझ्यासाठी एक धोतर, टॉवेल आणि वही पिशवीत भरून ती खुंटीला टांगून ठेवली होती.

तार पौषात आली. सकाळची थंडी होती, आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. तारवाला सायकलवरून उतरला तेव्हा सगळे उठून उभे राहिले, कारण वसतिगृहात तार म्हणजे कोणाच्या तरी घरी वाईट झालेले असे. माझे नाव घेतले गेले. आत इंग्रजीत दोनच शब्द होते: ये. वडील.

वसतिगृहाच्या घड्याळात दहाला पाच कमी होती.

"चाचनीच असन बे," सोबती म्हणाला, पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पिशवी काढून दिली, खिशात चार संत्री कोंबली आणि म्हणाला, "पळ."

मी पळत मोटारस्टँडवर गेलो. अकोल्याची मोटार उभी होती. तेव्हा पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मागे पिंपाएवढी उंच भट्टी बसवलेली असे आणि निघण्याआधी क्लीनर दांडा फिरवून तिच्यात वारा घाली. ही भट्टी अजून पेटलेली नव्हती.

"कधी निघणार?" मी विचारले.

"पेटली का निघालो," क्लीनर म्हणाला. तो वयस्क माणूस होता, मिशीला राख लागलेली.

"चार तासांत पोचू?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "कोळसा आहे बाबू. त्याच्या मनावर."

मोटार अकराला सुटली. मी वहीत लिहिले: तार दहाला पाच कमी. स्टँडवर दहा वाजून दहा मिनिटे. सुटली अकराला. माझ्याजवळ घड्याळ नव्हते. शेजारी एक वकील बसले होते, त्यांच्या अंगरख्याच्या खिशात साखळीचे घड्याळ होते. त्यांची अकोल्याच्या कोर्टात तारीख होती आणि ती आता हुकणार हे त्यांना स्टँडवरच कळून चुकले होते. बडनेऱ्याच्या पुढे मी तिसऱ्यांदा वेळ विचारली, तेव्हा ते म्हणाले, "मुला, तू विचारलंस तरी काटा पुढेच जाणार, न विचारलंस तरी पुढेच. काय काम आहे एवढं?"

मी तार दाखवली. काही न लपवता सगळे सांगितले.

वकिलांनी तारेचा कागद उलटसुलट पाहिला. "अकोल्यातून सव्वाआठला निघालेली. म्हणजे तुझे वडील स्वतः अकोल्यात होते. आईची तब्येत बिघडली असती, तर तिला टाकून ते तीन कोस आले असते का? ही चाचणीच आहे. माझं ऐक."

युक्तिवाद चांगला होता. पण आमच्या घरी दुसरे कोण होते? माय बिघडली तरी तारेला बाबाच जाणार. हे मी बोललो नाही. वकील माणूस एवढा जीव तोडून धीर देत होता, त्याला खोडून काढणे मला बरे वाटेना.

मुर्तिजापूर चार-पाच मैलांवर असताना मोटार बंद पडली. क्लीनरने भट्टीचे झाकण उघडले, सळईने आत ढोसले, पुन्हा वारा घालायला लागला. उतारू खाली उतरून बाभळीखाली बसले. मी बसलो नाही. क्लीनरकडे गेलो आणि म्हणालो, "मी फिरवतो दांडा."

"कालेजातला दिसतो. जमन काय?"

"आमच्या घरी मोट आहे," मी म्हणालो.

तो हसला आणि बाजूला झाला. मी दांडा फिरवत असतानाच रुळांकडून आवाज आला. तिथे लोहमार्ग रस्त्याला लागूनच जातो. पाहता पाहता अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर आमच्या शेजारून निघून गेली. एका खिडकीत एक बाई लेकराला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होती, तेवढे मला स्वच्छ दिसले. गाडीला घाई नव्हती. ती नुसती चालत होती, आणि आम्ही उभे होतो.

"ही दोनला अकोल्यात," वकील घड्याळ पाहून म्हणाले. "साडेदहाला अमरावतीहून निघाला असतास तर तू हिच्यात असतास. मीसुद्धा असतो म्हणा."

साडेदहा. मी दहा वाजून दहा मिनिटांनी स्टँडवर उभा होतो आणि स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर होते. पाऊण तास भट्टीकडे पाहत मी लाल रेघेवर विश्वास ठेवला. हात थांबल्याचे लक्षात आले, तेव्हा मी पुन्हा दांडा फिरवू लागलो. तळहाताला फोड आला. तो फुटला. वहीत मी लिहिले: बंद पडली, एक वाजता. आगगाडी पुढे गेली. चूक माझी.

पुढे काटेपूर्णा नदीच्या चढणीला सगळ्यांना उतरून मोटार ढकलावी लागली. वकिलांनीही उपरणे कमरेला बांधून खांदा लावला. मी संत्री काढून एक त्यांना दिले, एक क्लीनरला. अकोल्यात उतरलो तेव्हा सव्वाचार झाले होते. वकील कोर्टाकडे वळण्याआधी म्हणाले, "तीन कोस ना? पौषातला दिवस आहे. पावणेसहाला सूर्य जाईल. बोलत उभा राहू नकोस."

मी मोर्णा नदी ओलांडली आणि चालू लागलो. अकोल्याच्या जिनिंगला कापूस टाकून परतणाऱ्या गाड्या रस्त्याने रांगेत होत्या. चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला पिशवीत टाकल्या. कुठे चालत, कुठे पळत मी गाड्यांच्या बाजूने पुढे जात होतो. एका गाडीवाल्याने हाक मारली, "अरे ओ भाऊ! काहून धावून राहिला? बस ना गाडीवर."

"दिवेलागणीपर्यंत पोचेल का तुमची गाडी?"

"ते बैलाले इचार. सकाळपासून जुपले हायेत."

"मग नाही बसत, काका."

"बस बाप्पा, पाय तरी मोडनार नाहीत!" तो मागून ओरडला.

बसावेसे वाटत होते. नाही म्हणणार नाही. पण खाली बसलो की मायचा चेहरा समोर येई, चालत असताना नुसती धूळ दिसे. मुख्य रस्ता सोडून गावच्या पांदीला, शेतांमधल्या गाडीवाटेला लागलो, तेव्हा सूर्य कपाशीच्या वर हातभर राहिला होता. पांदीत चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. त्यांच्यावरून मला पळता येईना. गावाजवळच्या नाल्यात उतरलो, तेव्हा सूर्य गेला होता. वर आलो, तेव्हा आमच्या घराच्या दाराजवळच्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, दिवा लागलेला मला नाल्यावरूनच दिसला.

मी तिथे थांबलो नाही. हरलो हे कळले होते, पण घरात काय आहे हे कळायचे होते.

दारात गेलो. माय चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिने मान वर केली. श्वास नेहमीचा, तोंडावर जाळाचा उजेड.

"तू रे? आज काहून आला? परीक्षा झाली का तुही?"

मी उंबऱ्यावरच उभा राहिलो.

बाबा गोठ्यातून आले. हातात कडब्याची पेंढी तशीच. त्यांनी आधी देवळीतल्या दिव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तार कवा भेटली?"

मी वही काढून वाचू लागलो. दहाला पाच कमी, स्टँड, अकरा, बडनेरा, एक वाजता बंद. मायचा हात थांबला. "कोनची तार?" तिने विचारले, आणि उत्तर यायच्या आधीच तिला समजले. "अहो, माह्या नावानं तार केली तुमी? मी अथी जित्ती-जागती भाकरी थापून राहिली, अन् पोराले पन्नास मैल धावाडलं? तरीच म्हनलं, सकायी सकायी अकोल्यात जायचं काय काम होतं!"

"तू थांब," बाबा म्हणाले. मला म्हणाले, "वाच."

मी शेवटपर्यंत वाचले. आगगाडी पुढे गेली, चूक माझी, हेही.

"आगगाडी होती त तिच्यात काहून नाही बसला?"

"मी नकाशा पाहून ठरवलं होतं, बाबा. रस्ता सरळ दिसला. माझं चुकलं." मग जे पांदीभर मनात घोळवत आलो होतो, ते अडखळत का होईना बोललो. "दिवेलागण झाली. मी हरलो. पेटी आणा म्हटलं तर आणतो. पण एकदा आगगाडीनं करून पाहू द्या. तार दहाच्या आत भेटली, तर साडेदहाची गाडी सापडते. दोनला अकोला. चारला मी घरी. बडनेऱ्याला गाडी अडकली, तरी ऊन असताना येईन. मला शिकायचं आहे."

शेवटचे वाक्य मी त्यांच्यासमोर आधी कधी बोललो नव्हतो.

बाबांनी पेंढी खाली ठेवली. "अकोल्यापासून पायी आला?"

"हो."

"वाटंत गाड्या असतीन."

"होत्या. एक जण बस म्हणाला."

"मंग?"

"नाही बसलो."

"कुठं दम खायले? नाल्यापाशी? झाडाखाली?"

"कुठंच नाही बसलो."

ते खाली वाकले आणि दिव्याच्या उजेडात माझे पाय पाहू लागले. बैलाचे खूर पाहताना ते असेच वाकत. माय तोवर ऊन पाणी घेऊन आली होती. तिच्या हातातला तांब्या बाबांनी स्वतः घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पाय धू," ते म्हणाले. "जेव. सकाळी टेसनावर जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली. माझी पेटी आणण्याचा विषय निघाला नाही. अकोल्याच्या स्टेशनवर त्यांनी मला खिडकीपाशी उभे केले आणि अमरावतीहून येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ विचारायला लावली. मी कागदावर लिहीत होतो आणि ते बोटांची पेरे मोजत होते. परत गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "पोस्ट आठले उघडते. तवा मी दारात उभा असन, त तार तुले दहाच्या आत भेटते. काल भेटलीच. तीन कोस माह्ये, बाकीचं तुह्यं. पन आता दोऱ्यानं मोजू नको."

तो कागद त्यांनी देवळीत पंचांगाखाली ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो, तेव्हा त्यांना सगळ्या वेळा पाठ होत्या. दोन गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या, त्यासुद्धा त्यांनी स्टेशनवर विचारून ठेवल्या होत्या आणि मला माहीत नव्हत्या, म्हणून मला बोलले.

खरी तार पुढच्या वर्षी कार्तिकात आली. मजकूर तोच, दोन शब्दांचा. मी साडेदहाची गाडी धरली. बडनेऱ्याला तासभर फौजेची गाडी आडवी आली, ती मी उभ्यानेच पाहिली. अकोल्याहून पायी निघालो. या वेळी नवा जोडा पायात होता. घरात शिरलो तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, डोळे मिटलेले. शेजारची काकू शेगडी फुंकत होती. पहाटे तीन कोस जाऊन तीन कोस परत आलेले बाबा मायची पाठ चोळत होते.

त्यांनी आधी दारातून बाहेर, अंगणात पाहिले. मग माझ्याकडे.

"ऊन हाये अजून," ते म्हणाले, आणि मायच्या पाठीमागे सरकून मला बसायला जागा केली.